खाडाखोडीवर सही कुणाची?

कराडच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर गेली ३१ वर्षं माझं टेबल आहे. खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, भाडेपट्टा. माणसं आपसांत जे ठरवतात ते मी कागदावर उतरवतो. सुरुवातीला टाइपरायटर होता, मग संगणक आला, आता डेटा एंट्री ऑनलाइन भरावी लागते. अंगठा शाईऐवजी यंत्रावर टेकवतात आणि फोटोही तिथंच निघतो. दस्ताचं शेवटचं वाक्य मात्र तेच राहिलंय. सदरचा दस्त राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, वाचून, समजून लिहून दिला असे. माझ्या बोटांना ते पाठ आहे. झोपेतही टाइप करीन.

पण त्या वाक्याच्या आधी एक काम असतं आणि ते वाक्यापेक्षा मोठं असतं. दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा. वीसेक वर्षांपूर्वी डोंगराकडच्या गावची एक आजी अर्धा एकर विकायला आली होती. मी वाचत होतो, चतुःसीमेपाशी आलो. ‘पूर्वेस ओढा’ म्हटल्याबरोबर तिनं हात वर केला. ‘‘वडा न्हाई रं बाबा, पाणंद हाय. वडा पाणंदीच्या पल्याड.’’ मी ‘ओढा’ खोडलं, वर ‘पाणंद’ लिहिलं आणि समासात तिचा अंगठा घेतला. घेणारा तेवढ्यात चहाला गेला होता. म्हातारी टेबलापाशीच उभी. बस म्हटलं तरी बसेना. ‘‘त्याचीबी सही घे की. उद्या म्हनंल, म्हातारीनं मागनं खोडलं.’’ तो येईपर्यंत अर्धा तास ती तशीच उन्हात उभी राहिली.

त्या आजीनं नोंदणी कायदा वाचला नव्हता. १९०८ च्या त्या कायद्याचं कलम २० हेच सांगतं की दस्तात खाडाखोड असेल आणि लिहून देणाऱ्यांनी तिथं सही केली नसेल, तर निबंधक दस्त नाकारू शकतो. वचनचिठ्ठीची गोष्ट आणखी कडक. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे एका बाजूनं परस्पर महत्त्वाचा बदल केला, तर ज्याची संमती नव्हती त्याच्यापुरती चिठ्ठीच रद्द. आकड्यापुढं एक शून्य वाढवायला गेलात तर मुद्दलही हातचं जातं.

एवढं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वैशाखात मला आलेला एक ईमेल.

२०२२ च्या दिवाळीत मी एका कंपनीकडून ऑनलाइन साठवणुकीची जागा घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. एकीचं घेतलं की बाकीच्या साळसूद ठरतात. पाच वर्षांचे पैसे एकदम भरले, म्हणून सवलत मिळाली. माझ्याकडं २००९ पासूनचे मसुदे, स्कॅन केलेले उतारे, भावकीच्या वंशावळी, लोकांनी विश्वासानं ठेवायला दिलेल्या प्रती असा सगळा पसारा आहे. कपाटाला वाळवी लागली तेव्हा शहाणा होऊन मी तो वर चढवला. पाच वर्षांची निश्चिंती, असं बायकोला सांगितलंही.

ईमेल इंग्रजीत होता. सुरुवात आभारानं. आमच्या ग्राहकांना अधिक चांगला अनुभव देण्यासाठी आम्ही आमच्या अटी अद्ययावत करत आहोत. मग तीन परिच्छेद त्या चांगल्या अनुभवाचे. त्याखाली एक निळी ओळ. ती दाबल्यावर चौदा पानं उघडली आणि त्यातल्या नवव्या पानावर माझी जागा पुढच्या महिन्यापासून एक चतुर्थांश होणार होती. जादा फायली साठ दिवसांनी काढून टाकल्या जातील. जागा पूर्वीइतकीच हवी असल्यास दरमहा वेगळे पैसे. आणि शेवटी, आपण सेवा वापरत राहिलात तर नव्या अटी आपल्याला मान्य आहेत असं समजलं जाईल.

मी व्यवसायानं दस्तलेखक. पहिला विचार आला तो हाच की ह्या खाडाखोडीवर माझी सही कुठंय?

माझी मुलगी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. (दुसऱ्या. मला ईमेल धाडणाऱ्या नव्हे.) रविवारी आली तेव्हा तिच्यापुढं फोन धरला. तिनं अंगठ्यानं सरसर वर सरकवून बघितलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, सगळेच करतात. तुम्ही घेताना आय अ‍ॅग्री दाबलं होतं ना? त्यातच लिहिलेलं असतं, आम्ही अटी बदलू शकतो म्हणून.’’

शोधून बघितलं, खरंच होतं. कंपनी वेळोवेळी अटी बदलू शकेल. बदल संकेतस्थळावर टाकले जातील. वापर चालू ठेवणं म्हणजे मान्यता.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी ते कलम आमच्या भाषेत लिहून बघितलं. ‘सदर मिळकतीची चतुःसीमा वेळोवेळी बदलण्याचा अधिकार लिहून घेणार यांस राहील. बदल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला जाईल. लिहून देणार यांनी गावात राहणे चालू ठेवल्यास सदर बदल त्यांस मान्य आहे असे समजले जाईल.’ दुसऱ्या दिवशी टेबलावर वाचून दाखवलं. शेजारचा स्टॅम्प व्हेंडर चहा सांडेपर्यंत हसला. निबंधकसाहेबांच्या शिपायानं मात्र गंभीरपणे विचारलं, असा दस्त खरंच नोंदवता येतो का, त्याच्या चुलत्याला करायचाय.

मुलीचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ती म्हणाली, ‘‘तुमच्या टेबलासमोर दोन माणसं असतात. आमच्याकडं दोन कोटी. प्रत्येकाची सही घेत बसलो तर एक बग दुरुस्त व्हायचा नाही.’’ हे खरं आहे. चोरट्यांना अडवायला पासवर्डची पद्धत बदलायची असेल, सरकारनं नवा नियम आणला असेल, एखादी नवी सोय द्यायची असेल, तर माझी सही नको. मला कळवा, पुरे. फुकटच्या सेवेबद्दलही मी फार बोलणार नाही. गुगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली तेव्हा लोक चिडले, पण कंपनीनं सहा-साडेसहा महिने आधी सांगितलं होतं आणि आधीचे तसे ठेवलेले फोटो नव्या मोजणीत धरले नाहीत. ह्याला मी रीत म्हणतो. पुढचं बदललं, मागच्याला हात लावला नाही.

माझं भांडण वेगळ्या जागी आहे. मुदत ठरली, पैसे घेतले, आणि मुदतीच्या मध्यावर देण्याची वस्तूच कमी केली. १७ जून २०२५ पासून अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर भारतात जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये जादा. ज्यांनी मार्चमध्ये वर्षाचे पैसे भरले होते त्यांनाही. घरमालकानं अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ घेऊन चौथ्या महिन्यात दिवाणखान्यात फलक लावावा आणि फलक काढायचा दर सांगावा, तसला प्रकार.

आमच्या आवारातल्या वकीलसाहेबांना हा विषय आवडतो. मी त्यांना कागद दाखवला तेव्हा त्यांनी घोड्याची गोष्ट सांगितली. लॉ कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवतात म्हणे. फेल्टहाउस विरुद्ध बिंडली, इंग्लंड, १८६२. एका काकाला पुतण्याचा घोडा हवा होता. त्यानं पत्र लिहिलं की तुझ्याकडून पुढं काही कळलं नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असं धरीन. पुतण्यानं उत्तर दिलं नाही. पुढं लिलाववाल्याच्या चुकीनं तो घोडा दुसऱ्यालाच विकला गेला, आणि काका लिलाववाल्यावर कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, घोडा तुझा झालाच नव्हता. समोरच्याच्या गप्प बसण्याला होकार ठरवण्याचा अधिकार तुला कुणी दिला?

‘‘आपला १८७२ चा करार कायदा त्यानंतर दहा वर्षांनी आला,’’ वकीलसाहेब म्हणाले. ‘‘कलम ६२ वाचा. जुना करार बदलायचा तर दोन्ही पक्षांनी कबूल व्हायला हवं.’’

‘‘मग झालं तर.’’

‘‘नाही झालं, अण्णा. कंपनी म्हणणार, त्यांनी कबुली आधीच देऊन ठेवलीय. पहिल्या दिवशी.’’

खरा पेच इथंच आहे. आगाऊ, कोरी, कायमची कबुली. कोऱ्या स्टॅम्पवर सही. आमच्या धंद्यात कोऱ्या स्टॅम्पवर सही घेणाऱ्याला काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही. तालुक्यातल्या निम्म्या सावकारी तक्रारींचं मूळ तिथंच सापडतं. आणि आपल्या न्यायालयांनी कागदावर काळ्या अक्षरांत आहे म्हणून प्रत्येक अट उचलून धरलेली नाही. १९८६ साली ब्रजनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दोन बाजूंच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर तसली अन्यायी अट न्यायालय मानणार नाही. तो नोकरीचा करार होता. २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात बिल्डरच्या एकतर्फी कराराबाबत तेच झालं. फ्लॅट घेणाऱ्यानं सही केली होती, तरी ती अट त्याला बांधत नाही असं ठरलं. नोकरदार आणि फ्लॅटवाला ह्यांच्याकडं निदान रेघ होती, पेन होतं. माझ्याकडं एक चौकोन होता आणि त्यात टिक आधीच केलेली होती.

अमेरिकेत ह्याच प्रश्नावर २००७ साली एक निकाल लागला. टॉक अमेरिका नावाच्या कंपनीनं दुसऱ्या कंपनीचा दूरध्वनीचा धंदा विकत घेतला आणि सुधारित करार आपल्या संकेतस्थळावर टाकून दिला. त्यात नवे आकार होते, तंटा लवादाकडेच न्यायची अट होती, सामूहिक दाव्याला बंदी होती. एक ग्राहक चार वर्षं फोन वापरत राहिला. पैसे क्रेडिट कार्डावरून आपोआप जात होते, त्यामुळं संकेतस्थळ उघडायची त्याला गरजच पडली नाही. कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येतं त्या अपील न्यायालयानं सांगितलं की एका पक्षाला करार एकट्यानं बदलता येत नाही, आणि अटी बदलल्यात का हे बघायला ग्राहकानं अधूनमधून संकेतस्थळ तपासत राहावं असं त्याच्यावर बंधन नाही. बदललेला करार हा नुसता प्रस्ताव. माहीतच नसलेल्या प्रस्तावाला होकार कसा देणार? आणि समजा उघडून बघितलं असतं, तरी बदल कुठं आहे हे शोधायला जुना-नवा करार शब्दाशब्दानं ताडून बघावा लागला असता.

हे शेवटचं वाचताना मला माझी चौदा पानं आठवली. मी ती खरंच ताडून बघितली होती, दोन रात्री, लाल पेन्सिल घेऊन. तीस वर्षांची सवय असूनही एक बदल माझ्या नजरेतून सुटला, तो मुलीनं दाखवला. दस्तात दुरुस्ती करायची तर आम्ही चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करतो. त्यात लिहितो, मूळ दस्तात गट नंबर ११२ असा पडला आहे तो १२१ असा वाचावा. एक ओळ. दोन्ही पक्षांच्या सह्या. एवढी साधी गोष्ट एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमत नाही ह्यावर माझा विश्वास नाही. त्यांना मराठीत वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडता येतात, ‘तुमची जागा चारातली एक होणार’ एवढं मराठीत लिहिता येत नाही?

जर्मनीत गंमत आणखी पुढं गेली. तिथल्या पोस्टबँकेच्या अटींत होतं की बदल कळवल्यावर ग्राहक दोन महिने गप्प राहिला तर तो राजी. २७ एप्रिल २०२१ ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ते कलमच अवैध ठरवलं. मग काय, बँकांना ग्राहकांकडून नव्यानं स्पष्ट होकार मागत फिरावं लागलं. त्यामुळं बँका बुडाल्या नाहीत.

आपल्याकडं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण व्हॉट्सअ‍ॅपचं. २०१६ मध्ये धोरण बदललं तेव्हा जुन्या वापरकर्त्यांना फेसबुककडं जाणाऱ्या काही माहितीला नाही म्हणायची मुभा होती, मर्यादित दिवसांची का होईना. जानेवारी २०२१ च्या बदलात तीही नव्हती. आधी ८ फेब्रुवारीची मुदत, मग बोंबाबोंब झाल्यावर १५ मे. सरकारच्याच आकड्याप्रमाणे तेव्हा देशात ५३ कोटी लोक ते वापरत होते. नको असेल तर सोडा, हे म्हणायला सोपं. आमच्या गल्लीचा दूधवाला, शाळेचा गट, भाच्याची लग्नपत्रिका, सगळे तिथंच. सोडून जायचं कुठं? स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्या ‘घ्या नाहीतर चालते व्हा’ पद्धतीला अन्याय्य ठरवून व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटींचा दंड केला. वर्षभरानं अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, जाहिरातींसाठी माहिती वाटण्यावर आयोगानं घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र काढली. ते काम स्पर्धा आयोगाच्या कायद्यानं, बाजारातल्या वर्चस्वाच्या मुद्द्यावर चाललं, हे विसरू नये. माझ्या साठवणुकीच्या कंपनीचं बाजारात वर्चस्व नाही. ती छोटी आहे, माझ्याशी तेवढी मोठी.

माझ्यासारख्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम २ (४६) मध्ये ‘अन्याय्य करार’ म्हणजे काय ते सहा प्रकारांत सांगितलंय. अवाजवी अनामत, कराराच्या भंगासाठी प्रमाणाबाहेर दंड, कर्ज लवकर फेडू न देणं, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवणं, ग्राहकाच्या संमतीविना त्याच्या तोट्यात करार दुसऱ्याला सोपवणं, आणि शेवटी ग्राहकाचं नुकसान करणारी कुठलीही अवाजवी अट. करार तोडणं आहे, सोपवणं आहे. एकतर्फी बदलणं असं नाव घेऊन नाही. ते शेवटच्या गोणपाटात कोंबावं लागतं. युरोपात १९९३ च्या निर्देशाच्या यादीत हे वेगळं लिहिलंय, की करारात दिलेल्या सबळ कारणाशिवाय अटी एकट्यानं बदलण्याची मुभा देणारं कलम अन्याय्य मानता येईल. आपल्या यादीत ही एक ओळ का येऊ नये?

दुसरी खोच त्याहून त्रासाची. अन्याय्य कराराची म्हणून तक्रार करायची तर जिल्हा आयोगाला तो अधिकारच नाही. राज्य आयोगाकडं जावं लागतं. माझा वाद काही हजारांचा. जिल्ह्याच्या ठिकाणी, साताऱ्याला, जाऊन मी संध्याकाळच्या एसटीनं घरी येतो. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित प्रथा म्हणून तक्रार मांडली तर जिल्ह्यात चालते, हे वकीलसाहेबांनी सांगितलं, म्हणजे दुखणं पोटाचं असताना डोकं दुखतं म्हणून केसपेपर काढायचा.

आणि एकतर्फी बदलाला लगाम घालणं जमत नाही असं म्हणायला जागा नाही, कारण ह्याच देशात एका धंद्यात जमलंय. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश बघा. आकार बदलायचे तर पुढच्या तारखेपासून आणि निदान एक महिना आधी कळवून. आणि बदल तोट्याचा वाटून ग्राहकानं कार्ड परत केलं तर त्याला जादा आकार लावायचा नाही. कार्डवाल्यांचे ग्राहकही कोटींनी आहेत. हा नियम साठवणुकीला, व्हिडिओला, शिकवणीच्या अ‍ॅपला लावायला कोणाची आडकाठी आहे? मी तर आणखी दोन गोष्टी जोडीन. ज्या मुदतीचे पैसे घेतले ती मुदत जुन्याच अटींवर पुरी करायची. बदल नूतनीकरणाच्या दिवशी. आणि ग्राहक निघाला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे आणि त्याचं सामान, दोन्ही परत. सामानाचं मुद्दाम सांगतो. भाडेकरूला आठवड्यात खोली सोड म्हणायचं आणि त्याची कपाटं उतरवायला जिना अरुंद ठेवायचा, असं चाललंय. आमच्या तालुक्यातल्या नेटवर माझा पसारा उतरवायला सतरा रात्री लागल्या. मधे दोनदा वीज गेली, तेव्हा ती फाइल पुन्हा पहिल्यापासून.

उतरवता उतरवता २०११ ची एक वंशावळ दिसली, सात पिढ्यांची. ते कुटुंब आता वाटणीसाठी कोर्टात आहे आणि तिघं भाऊ वेगवेगळे येऊन माझ्याकडं तिचीच प्रत मागून गेलेत. ती साठ दिवसांच्या यादीत होती.

शेवटी मी कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं. ईमेलला यंत्र उत्तर देतं, म्हणून कागदावर, मराठीत, दोन प्रतींत, स्पीड पोस्टानं. लिहून घेणार, लिहून देणार, मूळ कराराची तारीख, भरलेली रक्कम, मुदत, सगळं रीतसर. आपण पाठवलेला बदल हा प्रस्ताव असून तो मला मान्य नाही. मूळ मुदत २०२७ च्या दिवाळीपर्यंत आहे. एक प्रत सही करून परत पाठवावी. आणि शेवटी, हातच बसलेला असल्यामुळं, लिहून गेलो की पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास वरील सर्व मजकूर आपणांस मान्य आहे असे समजले जाईल.

वकीलसाहेबांना वाचायला दिलं. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, ‘‘अण्णा, घोड्याचे काका झालात की.’’

ती ओळ मी खोडली. समासात सही केली.